निम्म्या किमतीची ऐट: ‘रेडनेक वुमन’ या गाण्याचं प्रकरण

मार्च २००४. अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतून आलेल्या ‘कंट्री’ संगीताचं माहेर म्हणजे नॅशव्हिल; तिथल्या एपिक रेकॉर्ड्सनं एका नवख्या गायिकेचं पहिलं गाणं कंट्री रेडिओ स्टेशनांकडे पाठवलं. नवखी म्हणायची ती रेडिओच्या हिशेबानं. वय तीस, पदरात लहान मुलगी, आणि चौदाव्या वर्षापासून बारच्या काउंटरमागे उभं राहायची सवय. गाण्यात ती सांगते की आपण बार्बी बाहुलीच्या जातकुळीतल्या नाही, शॅम्पेन आपल्या घशाखाली उतरत नाही, आणि नावाजलेल्या अंतर्वस्त्रांच्या दुकानात जे मिळतं तेच वॉलमार्टच्या फळीवर निम्म्या किमतीत मिळतं. मे सरता सरता हे गाणं बिलबोर्ड या संगीत-नियतकालिकाच्या ‘हॉट कंट्री साँग्ज’ यादीत पहिलं आलं आणि पाच आठवडे पहिलंच राहिलं. गायिका ग्रेचेन विल्सन, गाणं ‘रेडनेक वुमन’ (ढोबळमानानं ‘गावंढळ बाई’; नेमकं काय ते पुढे), लिहिणारे दोघं: ती स्वतः आणि जॉन रिच.

रूपाच्या आदर्शांची टर उडवणारी गाणी कंट्री संगीतात याआधीही झाली होती. तरी याच गाण्याचं प्रकरण उघडून बसावं, याला कारण आहे. याच्या विनोदाचं यंत्र इतकं उघडं आहे की कुठला दाता कुठे अडकतो ते दिसतं. पुढे तेच यंत्र कुठे अडलं तेही दिसतं, आणि ते जास्त कामाचं आहे.

आधीची हवा

१९९७ साली शनाया ट्वेनचा ‘कम ऑन ओव्हर’ हा अल्बम आला. त्याच्या अमेरिकेतल्या प्रती पुढे दोन कोटींवर गेल्या. १९९९च्या अखेरीस फेथ हिलचं ‘ब्रीद’ आलं. ते कंट्री यादीत सहा आठवडे पहिलं होतं, आणि पॉपसह सगळं मोजणाऱ्या ‘हॉट हंड्रेड’च्या २०००च्या वार्षिक यादीत अव्वल ठरलं. या दोघींनी कंट्री गायिकेचा साचाच बदलून टाकला. गाणं कंट्रीचं, पण कॅमेरा फॅशन मासिकाचा: वारा खाणारे केस, तलम कापड, मऊ उजेड. व्हिडिओ वाहिनीवर गाणं दिसणं हे रेडिओवर वाजण्याइतकंच मोलाचं झालं होतं, त्यामुळे नवी गायिका करारासाठी आली की तिच्या आवाजाबरोबर अंगकाठीचीही परीक्षा व्हायची.

दुसरीकडे रेडिओवर बायकांचा आवाज पातळ होत चालला होता. मार्च २००२मध्ये मार्टिना मॅक्ब्राइडचं ‘ब्लेस्ड’ पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. त्यानंतर दोन वर्षांहून जास्त काळ एकट्या गायिकेचं एकही गाणं तिथवर गेलं नाही. ‘एकट्या’ हा शब्द इथे मुद्दाम आहे, कारण डिक्सी चिक्स या तिघींच्या गटाचं ‘ट्रॅव्हलिन सोल्जर’ मार्च २००३मध्ये पहिलं आलं होतं. पण त्याच महिन्यात लंडनच्या रंगमंचावर त्यांनी अध्यक्ष बुश यांच्याविरुद्ध एक वाक्य उच्चारलं आणि कंट्री रेडिओनं त्यांना वाळीत टाकलं. थोडक्यात, मोठ्या आवाजाची, तोंडाळ बाई या दुकानात नकोच, अशी २००४च्या सुरुवातीची हवा होती.

विल्सन इलिनॉयमधल्या पोकाहाँटस या चिमुकल्या गावची. सेंट लुईसच्या पूर्वेला, हजार वस्तीचंही नाही. आई सोळाव्या वर्षी बाळंत झालेली. वडील मुलगी दोन वर्षांची असताना निघून गेले. बालपण चाकांवरच्या घरांच्या वस्त्यांमध्ये, ज्यांना तिकडे ट्रेलर पार्क म्हणतात. शाळा अर्धवट सोडून ती एका खेडवळ बारमध्ये स्वयंपाक आणि दारू वाढायचं काम करू लागली. १९९६मध्ये नॅशव्हिलला आली आणि प्रिंटर्स ॲली या गल्लीतल्या एका बारमध्ये पेले भरता भरता गाऊ लागली. तिथे तिला बिग केनी आणि जॉन रिच यांनी ऐकलं. हे दोघं ‘म्यूझिक माफिया’ नावाचा एक सैलसर कंपू चालवत, दर मंगळवारी रात्री जमून गाणारा. करार मिळेपर्यंत अनेक कंपन्यांनी तिला परत पाठवलं होतं. गळ्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तो काळजातून रेटून येणारा, खर्जातही न डळमळणारा आवाज आहे. अडचण होती ती तिला कुठल्या साच्यात बसवायचं याची.

ठिणगी

ही हकिकत दोघांनीही अनेकदा सांगितली आहे. गाणं लिहायला बसलेले असताना टीव्हीवर कंट्रीचे व्हिडिओ चालू होते आणि त्यात फेथ हिलचा ‘ब्रीद’ लागला: वाळवंट, साटिनच्या चादरी, त्यात गुंडाळलेली गायिका. विल्सनचं म्हणणं असं की हे आपल्याला जमणारच नाही. मग तू आहेस तरी कशी बाई, असं रिचनं विचारलं, आणि उत्तरात जे दोन शब्द आले तेच शीर्षक झालं.

हकिकत गोड आहे म्हणून सोडून द्यायची नाही, कारण गाण्याचा तोल तिच्यातच ठरला. सुरुवात ‘ती तशी का वागते’ या रागातून झाली नाही. ‘मला ते जमत नाही’ या कबुलीतून झाली. फेथ हिलचं नाव गाण्यात कुठेही येत नाही, तिच्यावर एक शब्दही नाही. टर उडवायची ती बाईची नाही, चादरीची, हे पहिल्या ओळीपासून पाळलं आहे.

यंत्र उघडून

दोन कडवी आणि तीनदा येणारं धृवपद, एवढाच ऐवज. साडेतीन-पावणेचार मिनिटांत त्यात वीसेक वस्तू, जागा आणि नावं येतात, आणि विशेषणं त्या मानानं कमी. पहिलं कडवं: बाहुली, शॅम्पेन, बिअर, गुत्ता, हाँकी-टाँक (कंट्री वाजणारा) बार, चारचाकी जोराच्या गाडीचा मागचा फाळका, भिंतीवरची तीन पोस्टरं (रॉक बँड लिनर्ड स्किनर्ड, किड रॉक, जॉर्ज स्ट्रेट), अंगण, कडेवर मूल. दुसरं कडवं: अंतर्वस्त्रांचा ब्रँड, वॉलमार्टची फळी, टीव्हीवरच्या मॉडेल, डिझायनरची चिठ्ठी. ‘मी साधी आहे, खरी आहे’ असं वाक्य कुठेच नाही. तसं वाक्य आलं असतं तर गाण्याचं भाषण झालं असतं. साधेपणा स्वतःच्या तोंडानं सांगितला की लगेच खोटा वाटतो. वस्तू ठेवल्या की ऐकणारा तो स्वतः काढतो.

या वस्तूंच्या निवडीमागे एक युक्ती आहे, आणि ती अमेरिकन कानाला लगेच कळते, आपल्याला थोडी समजून घ्यावी लागते. ख्रिसमसची दिव्यांची माळ वर्षभर ओसरीवर तशीच लटकलेली असणं हे तिकडे गबाळेपणाचं ठरलेलं लक्षण. अनवाणी पाय आणि कडेवर मूल ही त्याहून जुनी चेष्टा: बायकोला अनवाणी आणि गरोदर ठेवावं, म्हणजे ती कुठे जात नाही, अशी एक बोचरी म्हणच इंग्रजीत आहे. १९९३मध्ये जेफ फॉक्सवर्दी या विनोदवीराचा ‘यू माइट बी अ रेडनेक इफ...’ हा अल्बम गाजला होता. त्याची रचना अशी: अमुक करत असाल, तर तुम्ही रेडनेक असाल. पुरुष बोलतो, तुमच्याबद्दल बोलतो, हसं लोकांचं होतं. विल्सन आणि रिच यांनी तीच यादी उचलली आणि फक्त सर्वनाम बदललं. ‘तुम्ही’च्या जागी ‘मी’ आला की टोमण्याची ओळख होते. अंगणसुद्धा ‘माझं’ अंगण आहे, हे ती आवर्जून सांगते. भाड्याच्या, चाकांवरच्या घरात वाढलेल्या बाईनं ‘माझं’ म्हणण्यातला जोर त्या ओळीत आहे.

दुसऱ्या कडव्याची पहिली दोन वाक्यं म्हणजे अख्ख्या गाण्याची किल्ली. आधी ती त्या ब्रँडला शाबासकी देते: माल छानच असतो त्यांचा. आणि मग: तोच मी वॉलमार्टातून निम्म्या किमतीत आणते. क्रम उलटा करून पाहा. आधी स्वस्त दुकान आणि मग महागड्याची निंदा, असं झालं असतं तर कोल्ह्याला द्राक्षं आंबट, एवढंच ऐकू आलं असतं. आधी मान्यता दिल्यामुळे हेव्याची शंका फिटते, आणि उरतो निव्वळ व्यवहार. ‘किंमत’ हा शब्द ओळीच्या अगदी शेवटी, ‘छान’च्या इंग्रजी शब्दाशी यमक जुळवून येतो, आणि विनोदाचा फटका शेवटच्या शब्दावर बसतो. हा शब्द ओळीच्या मधे गेला असता तर हशा पुढच्या अक्षरांखाली गाडला गेला असता. विनोदी पद लिहिणाऱ्यानं दुसरं काही नाही तरी एवढं इथून उचलावं.

त्याच कडव्यात ती म्हणते की त्या स्वस्त कपड्यातही आपण टीव्हीवरच्या मॉडेलइतक्याच मादक दिसतो. हे नीट ऐकायला हवं. हे गाणं सौंदर्याला नकार देत नाही, सौंदर्याच्या किमतीला देतं. पुढची ओळ तर आणखी सांगून जाते: माझ्या माणसाला मी हवीशी वाटावी म्हणून मला डिझायनरची चिठ्ठी लागत नाही. चिठ्ठी गेली, पण मोजपट्टी तीच राहिली: त्याला मी हवीशी वाटते की नाही. स्त्रीमुक्तीचं गाणं म्हणून याला डोक्यावर घेणाऱ्यांनी ही ओळ बहुधा गुणगुणताना गिळली असावी.

आता धृवपद. त्यात एक जागा दर वेळी बदलते: अमक्याचं प्रत्येक गाणं मला शब्दन् शब्द पाठ आहे. पहिल्यांदा नाव येतं चार्ली डॅनियल्सचं, दुसऱ्यांदा टॅन्या टकरचं, तिसऱ्यांदा ‘ओल बोसीफस’चं. तिन्ही नावं चार-चार अक्षरांची (उच्चारातली अवयव-अक्षरं मोजायची), त्यामुळे चाल न हलवता ती एकमेकांच्या जागी बसतात. ‘बोसीफस’मध्ये तीनच भरतात म्हणून आधी ‘म्हातारा’ अशा अर्थाचा प्रेमळ ‘ओल’ लावला आहे. भरतीचा शब्द असावा तर असा: मात्रा भरतो आणि लळाही लावतो. बोसीफस म्हणजे कंट्री गायक हँक विल्यम्स ज्युनियर. बापानं मुलाला हे लाडाचं नाव ठेवलं ते रॉड ब्रॅसफील्ड या विनोदवीराच्या बोलक्या बाहुल्यावरून. हे ज्याला ठाऊक आहे त्याला तिसऱ्या धृवपदात कुणी कोपरखळी मारून ‘आपल्यातलाच’ म्हटल्यासारखं वाटतं. ठाऊक नाही त्याचं काही अडत नाही. खूण पटवणारं नाव निवडताना हाच नियम: कळलं तर बक्षीस, न कळलं तर शिक्षा नाही.

काही यमकं ढिली आहेत आणि ती ढिलीच हवीत. ‘टाइप’ला ‘नाइट’, ‘ब्रॉड’ला ‘हॉ’. स्वर जुळतो, व्यंजन जुळत नाही. सगळीकडे घोटीव यमक जुळवलं असतं तर शॅम्पेन न पिणारी बाई शॅम्पेनच्या पेल्यातून बोलतेय असं वाटलं असतं.

आणि शेवटी आरोळी. ती सगळ्या ‘बहिणीं’ना उद्देशून म्हणते की द्या एक दणदणीत होकार, आणि घोळक्याचा आवाज ‘हेल येह’ म्हणून उत्तर देतो. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी ‘जी जी रं जी’ धरतात, तसंच काम. फरक इतकाच की इथे झील धरायला रंगमंचावर कुणी लागत नाही, समोरचा प्रेक्षक ती धरतो. एका माणसाची कबुली या एका आरोळीनं जमावाची घोषणा होते. रेकॉर्डिंगमध्येच घोळक्याचा आवाज भरून ठेवल्यामुळे गाडीत एकटीनं ऐकणारीलाही आपण जमावात आहोत असं वाटतं. निर्माते मार्क राइट आणि जो स्कायफ, सहनिर्माता रिच. वाद्यमेळ मुद्दाम जाड ठेवला आहे. ढोलाचा ठोका आणि विजेच्या गिटारी दक्षिणेकडच्या रॉकच्या वळणाच्या, कारण भिंतीवर पोस्टर लिनर्ड स्किनर्डचं आहे, आणि पोस्टर एक व वाजतंय भलतंच असं झालं तर वस्तूंची सगळी यादी खोटी पडते.

‘रेडनेक’चं मराठीत काय करायचं

‘गावंढळ’ म्हटलं की काम झाल्यासारखं वाटतं, पण होत नाही. रेडनेक म्हणजे उन्हात राबून मान लाल झालेला गोरा गरीब. मान लाल दिसायला कातडी गोरी असावी लागते, हे शब्दातच आलं. १९२०-२१च्या सुमारास वेस्ट व्हर्जिनियातल्या संप करणाऱ्या खाणकामगारांनी गळ्यात लाल रुमाल बांधले आणि त्यांनाही हाच शब्द चिकटला. तिथे त्याला लढ्याची धार होती. शहरी माणसाच्या तोंडी मात्र तो शिवीच राहिला. बेलामी ब्रदर्सचं ‘रेडनेक गर्ल’ १९८२मध्ये गाजलं, पण ते पुरुषांच्या तोंडचं, अशा मुलीवर भाळलेल्यांचं. बाईनं हा शब्द स्वतःच्या छातीवर बिल्ल्यासारखा लावून देशभर रेडिओवर गाजवणं, हे नवं होतं.

म्हणून ‘बहिणींनो’ ही हाक वाटते तितकी रुंद नाही. वंशाचा उल्लेख गाण्यात नाही, तरी शब्द आणि भिंतीवरची पोस्टरं मिळून दारावर एक न लिहिलेली पाटी लागतेच. २००७मध्ये रिसी पामर या कृष्णवर्णीय गायिकेचं ‘कंट्री गर्ल’ बिलबोर्डच्या कंट्री यादीत आलं. १९८७मधल्या डोना मेसननंतर वीस वर्षांनी प्रथमच असं घडलं. तिच्याही गाण्याचा घाट ‘मी कोण’ सांगण्याचाच, पण तिनं शब्द निवडला ‘कंट्री’, आणि तो कुठल्याही गावच्या मुलीला खुला ठेवला. दोन गाणी एकामागून एक ऐकली की एका शब्दानं दार किती इंच उघडतं ते कळतं.

पहिला क्रमांक म्हणजे काय

आकडे वाचताना एक खबरदारी. २००४मध्ये ‘हॉट कंट्री साँग्ज’ ही यादी केवळ रेडिओवर गाणं किती वाजलं यावर ठरत असे; विक्रीचा तिच्याशी संबंध नव्हता. (डाउनलोड आणि स्ट्रीमिंग धरायला २०१२च्या ऑक्टोबरात सुरुवात झाली आणि नुसत्या रेडिओसाठी ‘कंट्री एअरप्ले’ ही वेगळी यादी निघाली.) म्हणजे पाच आठवडे पहिलं येण्याचा अर्थ: जे कार्यक्रम-संचालक दोन वर्षं एकट्या बाईचं गाणं वरपर्यंत जाऊ देत नव्हते, त्यांनीच हे दिवसातून पुन्हा पुन्हा लावलं. यामागचं कारण विनोदाच्या जातीत आहे. या गाण्यात टर उडते ती मॉडेलची, बाहुलीची, शॅम्पेनची. यापैकी कुणीही कंट्री स्टेशनच्या घरचं नाही. स्टेशनचा मालक, श्रोता नवरा, ट्रकवाला, यांच्यातल्या कुणालाही ओरखडा येत नाही. धारदार विनोद, पण पातं बाहेरच्या दिशेनं.

विक्रीसाठी अल्बमकडे पाहायचं. ‘हिअर फॉर द पार्टी’ ११ मे २००४ला बाजारात आला आणि सर्व प्रकारच्या संगीताच्या ‘बिलबोर्ड २००’ यादीत दुसऱ्या क्रमांकावर उतरला. पुढे पन्नास लाख प्रतींचं प्रमाणपत्र मिळालं. इथे वॉलमार्टची फळी पुन्हा येते. त्या काळात अमेरिकेत सर्वांत जास्त संगीत वॉलमार्टच विकत असे. ॲपलच्या आयट्यून्सनं तिला मागे टाकलं ते २००८मध्ये. गाण्यातली बाई ज्या दुकानात जाते त्याच दुकानात गाणं विकायला होतं, ऐकणारीच्या हातगाडीत साबण आणि डायपरशेजारी. आणि पालकांसाठी इशाऱ्याचा शिक्का असलेल्या सीडी वॉलमार्ट ठेवत नसे. त्यामुळे ‘हेल’ आणि ‘डॅम’ इतपतच तिखट चालायचं; त्याहून एक शब्द जास्त झाला असता तर फळी गेली असती. बेधडक वाटणारं हे गाणं अगदी मापात तिखट आहे. त्यात दोष काही नाही, मसाला मोजून घातला तरच पदार्थ जमतो.

त्याच वर्षी कंट्री म्यूझिक असोसिएशनचा नवोदितांसाठीचा होरायझन पुरस्कार तिला मिळाला, आणि फेब्रुवारी २००५मध्ये या गाण्यासाठी ग्रॅमी.

बिघाड

दुसरा अल्बम ‘ऑल जॅक्ड अप’ २००५मध्ये थेट ‘बिलबोर्ड २००’च्या पहिल्या क्रमांकावर उतरला. वरून सगळं आलबेल. पण शीर्षकगीत कंट्री यादीत आठव्या क्रमांकापर्यंत जाऊन थांबलं, आणि विल्सनला पुन्हा कधीही कंट्री यादीचा पहिला क्रमांक मिळाला नाही. पहिल्या अल्बममधल्या विरहाच्या, पश्चात्तापाच्या गाण्यांत तिचा गळा खरं तर जास्त खुलतो. ‘व्हेन आय थिंक अबाउट चीटिन’ ऐकावं. पण लोकांना हवी होती ती बिअरची बाटली धरलेली बाई.

नडलं ते हे: वस्तूंच्या यादीवर उभं राहिलेलं व्यक्तिमत्त्व वस्तू पुरवतच राहावं लागतं. पहिल्यांदा ती यादी आयुष्यातून आली होती. दुसऱ्यांदा ती यादीतून आली. ‘स्कोल रिंग’ या गाण्यात जीन्सच्या मागच्या खिशावर तंबाखूच्या डबीची गोल खूण उमटलेला पुरुष आवडतो असं ती म्हणते, आणि कार्यक्रमात हे गाणं गाताना ती खिशातून डबी काढून दाखवू लागली. मोठ्या पडद्यावर ती डबी झळकायची. २००५मध्ये टेनेसीचे ॲटर्नी जनरल पॉल समर्स यांनी तिला पत्र लिहिलं. तंबाखू कंपन्या आणि राज्यांमधल्या १९९८च्या तडजोडीनुसार तंबाखूच्या उत्पादनाची अल्पवयीनांपुढे अशी जाहिरात करता येत नाही, आणि तिच्या कार्यक्रमांना शाळकरी मुलं येतात. तिनं डबी दाखवणं थांबवलं. अंतर्वस्त्राच्या ब्रँडला चिमटा काढून सुरू झालेला प्रवास एका तंबाखूच्या ब्रँडच्या डबीपाशी आला होता. चिठ्ठी नाकारणाऱ्या बाईच्या हाती दुसरी चिठ्ठी.

ती ढोंग करत होती, असा याचा अर्थ लावणं चुकीचं आहे. तंबाखू, बिअर, चिखल, सगळं तिचंच होतं. पण रंगमंचावर रोज तीच वस्तू त्याच क्षणी खिशातून निघाली की ती नाटकातली प्रॉपर्टी होते. साटिनची चादरही फेथ हिलच्या घरी असेलच की. मोठ्या कंपनीपासून सुटल्यावर विल्सननं २०१०चा अल्बम स्वतःच्या कंपनीतर्फे काढला, आणि कंपनीचं नाव ठेवलं ‘रेडनेक रेकॉर्ड्स’. ते नाव आता सोडायचं म्हटलं तरी सुटणारं नव्हतं. मधल्या काळात, २००८मध्ये, चौतिसाव्या वर्षी तिनं शालान्त समकक्ष परीक्षा दिली आणि ती उत्तीर्ण झाली. यावर धृवपद होत नाही, म्हणून ही गोष्ट फार कुणाला ठाऊक नाही.

इतर वाटा काय होत्या, हे ताडून पाहायला कंट्रीतच उदाहरणं आहेत. डॉली पार्टनचं ‘डम ब्लाँड’ १९६७मध्ये यादीत आलं. लिहिलेलं कर्ली पुटमनचं, जेमतेम चोविसावं, पण कंट्री यादीत आलेलं तिचं पहिलं गाणं. मूर्ख समजू नका असं सांगत तिनं सोनेरी केसांचा डोलारा कमी न करता वाढवतच नेला. ग्लॅमर इतकं फुगवायचं की ते स्वतःच विनोद होईल, ही तिची रीत. ती साठ वर्षं टिकली, कारण खोट्या केसांना कुणी खोटं म्हणून पकडू शकत नाही, तिनं आधीच सांगितलेलं असतं. डीना कार्टरच्या ‘डिड आय शेव्ह माय लेग्ज फॉर धिस?’मध्ये हिशेब आहे श्रमाचा: नटूनथटून, पाय गुळगुळीत करून बसले, आणि समोर हा असा नवरा. तिथे पातं घरातल्या पुरुषाकडे वळतं. १९९७मध्ये ते एकल गाणं म्हणून रेडिओकडे गेलं तेव्हा पंचविसाव्या क्रमांकावर थांबलं.

फाळक्यावरची दुसरी मुलगी

विल्सनच्या पहिल्या कडव्यात गाडीचा फाळका पाडून त्यावर बसून बिअर पिणारी बाई आहे. ती स्वतःच्या मर्जीनं बसली आहे. नऊ वर्षांनी कंट्री रेडिओवर हाच फाळका जिकडेतिकडे दिसू लागला, फक्त आता त्यावर मुलीला बसवलं जात होतं. तोकडी, कापलेली जीन्स, बिकिनीचा वरचा भाग, उन्हानं तांबूस झालेले लांब पाय, आणि तिला ‘गर्ल’ अशी हाक मारणारा ट्रकवाला. २०१३मध्ये जोडी रोझेन या समीक्षकानं या लाटेला ‘ब्रो-कंट्री’ हे नाव दिलं. वस्तू जवळपास त्याच: ट्रक, बिअर, मागचा फाळका, धुळीचा रस्ता. ज्या यादीनं साटिनच्या चादरीची टर उडवली होती तीच यादी नव्या सौंदर्य-आदर्शाची नेपथ्यरचना झाली. अंगणात अनवाणी उभी असलेली, कडेवर मूल असलेली बाई तेवढी त्यातून गायब होती.

जुलै २०१४मध्ये मॅडी मार्लो आणि टे डाय या विशीतही न पोहोचलेल्या दोघींचं ‘गर्ल इन अ कंट्री साँग’ आलं. आरोन शेर्झबरोबर लिहिलेलं. यांनी ब्रँडला हात लावला नाही. त्या वेळी रेडिओवर वाजत असलेल्या पुरुषांच्या गाण्यांतले शब्दच उचलले, आणि ते शब्द अंगावर घालून पाहिले तर कसे टोचतात ते सांगितलं: तोकड्या जीन्समध्ये थंडी वाजते, बिकिनी काचते, आणि जॉर्ज स्ट्रेट किंवा कॉन्वे ट्विटी असे वागले नसते. व्हिडिओत तर तोकड्या जीन्स पुरुषांनाच घातल्या. पातं या वेळी आत वळलं होतं, थेट रेडिओच्या पोटात, आणि तरीही डिसेंबरात ते ‘कंट्री एअरप्ले’ यादीत पहिलं आलं. जुन्या दोन पुरुष गायकांचा दाखला देणं हे त्यातलं चलाख काम. आम्ही कंट्रीच्या विरोधात नाही, तुम्हीच कंट्री विसरलात, अशी बाजू त्यामुळे घेता आली. विल्सनच्या पोस्टरांचंही काम हेच होतं, आणि स्ट्रेट दोन्हीकडे आहे.

पाच महिन्यांनी, मे २०१५मध्ये, कीथ हिल या रेडिओ-सल्लागारानं एका व्यवसाय-पत्रिकेत स्टेशनांना सल्ला दिला: श्रोते वाढवायचे तर बायकांची गाणी कमी करा, आपल्या सॅलडमधली पालेभाजी म्हणजे पुरुष गायक, बायका म्हणजे वर घातलेले टोमॅटो. गहजब झाला, टोमॅटोचे शर्ट छापून विकले गेले. त्या गदारोळात ‘रेडनेक वुमन’चे दाखले निघणं साहजिक होतं. त्यातली नावं मात्र मोजून पाहावीत. बार्बी आणि दुकानांची नावं वगळली तर गाण्यात सहा कलाकार येतात: स्किनर्ड, किड रॉक, स्ट्रेट, डॅनियल्स, टकर, बोसीफस. बाई एकच, टॅन्या टकर, आणि तीही दुसऱ्या धृवपदात.